5 खाली कुठून आले?

ताई, शाळेपासून एकीचं घर 2.4 किमी, दुसरीचं 1.85 किमी, कोणाचं किती जास्त लांब? या उदाहरणात तुमची मुलगी 0.65 उत्तर काढते आणि 'शून्य लाव' म्हणून दहादा सांगूनही तेच होतं, असं तुम्ही लिहिलंय. पाचवीच्या वह्यांत हे उत्तर मी इतक्यांदा पाहिलंय की पोराचं नाव न वाचताही चूक सांगता येते. दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह बरोबर आहे. फक्त 5 च्या डोक्यावर काहीच नाही, म्हणून तिने 5 तसाच खाली उतरवला. पुढचं 14 वजा 8, सहा, अगदी बरोबर!

शून्याचा नियम आता घोकून घेऊ नका. आधी विचारा, 2.4 किमी म्हणजे किती मीटर? बरीच मुलं '2 किलोमीटर 4 मीटर' म्हणतात. खरी गोम तिथे आहे. ते 2400 मीटर आहेत हे एकदा पटलं की 2400 − 1850 = 550 ती स्वतःच काढेल. मग शेजारीच 2.40 − 1.85 मांडायला लावा. एक दशांश सुटा केला की दहा शतांश मिळतात, त्यातून 5 गेले, 5 उरले. 0.55 किमी.

पडताळाही तिलाच करू दे. 1.85 मध्ये 0.65 मिळवले तर होतात अडीच. उदाहरणात अडीच कुठे आहेत?

'किती जास्त लांब' असं विचारलं की काही मुलं 'जास्त' बघून बेरीज करतात. त्यांना रेघ काढून द्यायची, शाळा एका टोकाला, दोन्ही घरं त्याच रेघेवर. (एकाने मला विचारलं होतं, घरं उलट दिशांना असली तर? शंका रास्त होती. पण प्रश्न घराघरांतल्या अंतराचा नाही, शाळेपासूनच्या अंतरांतल्या फरकाचा आहे.)

सरावाला खरे आकडे घ्या. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अर्शद नदीमची भालाफेक 92.97 मीटर, नीरज चोप्राची 89.45. हे सोपं. मग 1968 चं मेक्सिको: लांब उडीत बॉब बीमन 8.90 मीटर, आधीचा विक्रम 8.35. तिला मुद्दाम 8.9 असंच लिहून द्या. जुनी सवय गेली नसेल तर पुन्हा 0.65 च येईल. तेव्हा काही बोलू नका, टेप आणून जमिनीवर 55 सेंटिमीटर मोजून दाखवा.