जमैकातल्या गुलामगिरीवर लिहिताना

ऊसमळ्यांवर गुलामांचे अतोनात हाल झाले, हे खरंच. पण तेवढं लिहून थांबू नकोस. कुठला मळा, कुठलं साल, नोंद कुणाची, हे सांग. जमैकात १८१७ पासून दर तीन वर्षांनी गुलामांची नोंदणी होई: नाव, वय, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा. फार मोलाचे कागद! पण दोन नोंदणींच्या मधे जन्मून दगावलेलं तान्हं मूल त्यात सहसा सापडत नाही. म्हणून फक्त त्यांवरून काढलेला बालमृत्यूंचा आकडा कमीच भरतो.

अठराव्या शतकात जमैकातल्या ऊसमळ्यावर मुकादम असलेल्या थॉमस थिसलवुडच्या रोजनिशीत गुलामांना दिलेल्या फटक्यांच्या, बलात्कारांच्या नोंदी त्याच्याच हातच्या आहेत. छळ करणाऱ्यानंच लिहिलेल्या, म्हणून त्या वजनदार. मात्र त्यात त्या गुलाम बायकांचा स्वतःचा शब्द नाही, हेही लिही.