मुलीला शाळेतून उवा झाल्या आणि औषध लावूनही घरात सर्वांना पुन्हा पुन्हा होतात, काय करावे?

उवा परत येण्याचे मुख्य कारण लिखा हे आहे, कारण १ टक्का पर्मेथ्रिनच्या लोशनने उवा मेल्या तरी लिखा वाचू शकतात आणि साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून ९ व्या दिवशी औषध पुन्हा लावावे. आमच्या इंदूरच्या एकत्र कुटुंबात आजीचे डोके तपासायचे राहिले आणि सगळी मेहनत वाया गेली, तेव्हा घरातल्या सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत. ओल्या केसांना कंडिशनर लावून कानांमागून आणि मानेवरून बारीक फणी फिरवावी व दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. तिळाएवढी ऊ तिथे चालताना स्पष्ट दिसते. रॉकेल मात्र कृपा करून लावू नका, त्याने टाळूची आग होते आणि केस पेटण्याचा धोका असतो.