धुरीची तारीख आणि निर्यातीची तारीख

एका वाचकाने खरेदीदाराच्या आग्रहावरून निर्यातीच्या धान्याला मिथाइल ब्रोमाइड या कीडनाशक वायूची धुरी दिली. माल धुरीनंतर 19व्या दिवशी बंदरात पोहोचला, जहाज मात्र 34व्या दिवशी सुटले, आणि आता या रसायनाच्या वापराचा खुलासा मागणारी नोटीस आली आहे. ‘निर्यातीच्या मालाला बंदी लागू नाही’ असे ठेकेदाराने तोंडी सांगितले होते म्हणे. अशी पत्रे वारंवार येतात, आणि दर वेळी विचारणा नोटीस हाती पडल्यावरच होते.

या रसायनावर बंदी का आहे, हे सांगत बसत नाही. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम 2-एचने क्वारंटाइन (म्हणजे सरकारी नियंत्रणाखालील घातक किडींचा प्रसार रोखण्यासाठीची) आणि निर्यातपूर्व धुरी यांना बंदीतून वगळले आहे, एवढे ठेकेदाराचे म्हणणे खरे. पण करारातील देशांनी 1999 मध्ये निर्यातपूर्व वापराची जी व्याख्या ठरवली, तिच्यानुसार ही धुरी निर्यातीच्या आधीच्या 21 दिवसांतच दिलेली असावी लागते, आणि ती आयात करणाऱ्या देशाच्या किंवा निर्यात करणाऱ्या देशात आधीपासून असलेल्या सरकारी अटीसाठी असावी लागते. खरेदीदाराची अट ही सरकारी अट नव्हे. शिवाय व्याख्येत शब्द ‘निर्यात’ असा आहे, ‘बंदरात पोहोचणे’ असा नाही; तेव्हा 19व्या दिवसावर फारशी भिस्त ठेवू नका. सीमाशुल्क विभागाने माल सोडल्याची तारीख 21 दिवसांच्या आत असेल, तर तीच निर्यातीची तारीख मानावी असा युक्तिवाद करता येईल. तो टिकेल की नाही, हे तुमच्या देशाच्या नियमांतील शब्दांवर अवलंबून आहे, कारण आंतरराष्ट्रीय करार तुम्हाला त्या नियमांमार्फतच लागू होतो.

खरी वाट एकच दिसते. क्वारंटाइन धुरीला 21 दिवसांची मर्यादा नाही. विशिष्ट क्वारंटाइन किडीच्या बंदोबस्तासाठी आयात करणाऱ्या देशाच्या वनस्पती-संरक्षण यंत्रणेने ही प्रक्रिया आवश्यक ठरवली होती, असे दाखवणारा, धुरीच्या आधीचा कागद तुमच्याकडे आहे का? गोदामातल्या नेहमीच्या सोंड्यांसाठी दिलेली धुरी सहसा या सदरात बसत नाही. बंदीतून खास बाब म्हणून मिळणारी ‘अत्यावश्यक वापरा’ची सवलत आता मागू म्हणाल, तर तिचा प्रस्ताव देशाने मांडायचा असतो आणि तो आधी मंजूर व्हावा लागतो, झालेल्या वापरावर ती मागाहून पांघरता येत नाही.

धुरीचे प्रमाणपत्र, खरेदीदाराशी झालेला करार आणि सीमाशुल्काचा कागद नोटिशीच्या मुदतीत स्थानिक वकिलाला दाखवा. तोपर्यंत ठेकेदाराचे तोंडी आश्वासन स्वतःचा बचाव म्हणून खुलाशात लिहू नका.