बोट खाली, गाव वर: क्रूझच्या स्टॉपवर एझला बसनं कसं जायचं?

प्रश्न: आम्ही दोघं राजारामपुरीत राहतो, मी बँकेतून रिटायर झालोय. मुलीनं आमची सप्टेंबरची मेडिटरेनियन क्रूझ बुक केलीय, बार्सिलोनात चढायचं आणि रोमच्या बंदरात उतरायचं. मध्ये एक दिवस फ्रान्समध्ये विलफ्रांश म्हणून गाव आहे तिथं बोट सकाळी ८ ते संध्याकाळी ६ थांबणार. तिथून जवळच डोंगरावर एझ नावाचं जुनं दगडी गाव आहे, फोटो बघितल्यापासून ते मला बघायचंच आहे. क्रूझच्या टूरमध्ये एझला जेमतेम तासभर देतात आणि पैसे भरपूर. बस-ट्रेननं जाता येईल का? मुलगी म्हणते रिस्क नको. मिसेसना चढ जमतो, पण उतरताना गुडघे दुखतात.
- एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: काका, जा. अगदी बिनधास्त जा. तुमच्याकडे पूर्ण दिवस आहे, एझ लांब नाही आणि वरपर्यंत सरकारी बस जातीय. मुलीची काळजी पण बरोबर आहे, त्यामुळं जायचं कसं याच्या आधी परत कसं यायचं ते कागदावर मांडू, कारण अशा स्टॉपवर लोकांची गडबड उडते ती येताना, जाताना नाही.

पहिली गोष्ट, बोट ६ ला सुटणार म्हणजे तुमच्याकडे ६ पर्यंत वेळ आहे असं धरू नका. विलफ्रांशला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, खाडीत नांगर टाकून उभी राहतात आणि छोट्या होडीनं, तिला टेंडर म्हणतात, तुम्हाला किनाऱ्यावर सोडतात. तेव्हा तुमची खरी वेळ म्हणजे शेवटच्या टेंडरची वेळ. ती आदल्या रात्री केबिनमध्ये जो कागद येतो त्यात छापलेली असते, बहुतेक करून बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधीची. समजा ती ५ ची निघाली, तर तुम्ही स्वतःसाठी ३ ठरवा. ३ ला विलफ्रांशच्या किनाऱ्यावर हजर, मग उरलेला वेळ तिथंच काढायचा. दोन तास हातात ठेवले की एक बस चुकली, एक ट्रेन रद्द झाली तरी पोटात गोळा येत नाही.

सकाळचंही तसंच. टेंडरला आधी क्रूझच्या टूरवाल्यांना सोडतात आणि बाकीच्यांना नंबरची चिठ्ठी देतात, ती चिठ्ठी लवकर उठून घ्या, नाष्टा त्याच्या आधी उरका. ९ पर्यंत किनाऱ्याला लागलात की दिवस तुमचा.

आता रस्ता. टेंडर जिथं सोडते तिथून रेल्वे स्टेशन चालत साधारण दहा-पंधरा मिनिटांवर आहे, समुद्रकिनाऱ्याच्या अगदी वरच, पुळणीवरून वर बघितलं की रूळ दिसतात. तिथनं मोनॅको किंवा व्हेंतिमिलियाकडे जाणारी लोकल घ्यायची, तिला ते टीईआर म्हणतात. नीस या जवळच्या मोठ्या शहराकडे जाणारी नाही, ती उलटी दिशा, प्लॅटफॉर्म बघून उभं राहा. मध्ये ब्योलिय लागतं आणि त्याच्या पुढचं स्टेशन एझ-सुर-मेर. सगळा मिळून दहा मिनिटांच्या आतला प्रवास.

इथं खूप जण फसतात. एझ दोन आहेत. खाली समुद्रालगतचं स्टेशन ते एझ-सुर-मेर, आणि तुम्हाला जायचंय ते वरचं एझ व्हिलेज, समुद्रापासून ४०० मीटरच्या वर. स्टेशनवर उतरून लोक इकडंतिकडं बघतात, फोटोतलं गाव कुठाय म्हणून, तर ते डोक्यावर आहे. कोल्हापूरकरांना सांगायचं तर वाडी रत्नागिरीच्या पायथ्याला उतरून जोतिबाचं देऊळ शोधण्यासारखं आहे ते. स्टेशनच्या बाहेर रस्त्यावरच ८३ नंबरच्या बसचा स्टॉप आहे, ती वळणावळणानं पंधरा-वीस मिनिटांत वर नेते. बस आली की हात करायचा, नाहीतर स्टॉपवर माणूस उभा असूनही ड्रायव्हर पुढं निघून जाऊ शकतो, आणि उतरायच्या आधी आतलं बटण दाबायचं. सुट्टी नाणी जवळ ठेवा, मोठी नोट ड्रायव्हर घेत नाही. तिकीट बसमध्ये मशीनला लावून घ्या, नुसतं खिशात ठेवलेलं तिकीट चेकर ग्राह्य धरत नाही आणि दंड होतो.

८३ सारखी सारखी नसते, गर्दीच्या दिवसातही दोन बसमध्ये बऱ्यापैकी अंतर असतं. म्हणून वर पोचल्या पोचल्या, गाव बघायच्या आधी, स्टॉपवरच्या परतीच्या टाइमटेबलचा मोबाईलवर फोटो काढा. रविवारचं आणि सुट्टीचं टाइमटेबल वेगळं असतं हे लक्षात ठेवा. (कुणी ऑगस्टमध्ये जाणार असेल तर १५ ऑगस्टला फ्रान्समध्येही सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी बसा कमी आणि माणसं जास्त.) आणि परतीची जी बस पकडायची त्याच्या आधीच्या बसला स्टॉपवर जाऊन उभं राहा, कारण दुपारी सगळेच एकदम खाली उतरायला बघतात आणि भरलेली बस पुढच्यांना घेत नाही.

मिसेसच्या गुडघ्यांचं सांगतो. बस गावाच्या पायथ्याशी मोठ्या रस्त्यावर सोडते, तिथून गावात गाडी जातच नाही, सगळ्या दगडी गल्ल्या आणि पायऱ्या. चढ जमतो म्हणताय तर वर जाणं होईल, पण त्याच पायऱ्या उतरायच्या पण आहेत, आणि वापरून वापरून ते दगड गुळगुळीत झालेत. रबरी सोलचे बूट, एक फोल्डिंग काठी, आणि घाई अजिबात नाही. अगदी टोकाला जुन्या किल्ल्याच्या अवशेषांत निवडुंगांची बाग आहे. किल्ला १७०६ मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या हुकमानं पाडला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं ही बाग केली, तिचं तिकीट वेगळं असतं. माझं स्पष्ट मत, बाग सोडू नका. खालच्या गल्ल्यांत दुकानं आणि गर्दीच जास्त आहे, गाव डोंगराच्या टोकावर कशासाठी बांधलं ते बागेत उभं राहिल्यावरच कळतं, एका बाजूला काप फेराचं टोक समुद्रात घुसलेलं आणि खाली पाण्यावर तुमची बोट. मिसेस दमल्या तर त्यांना पिवळ्या चर्चच्या इथं बसू द्या आणि तुम्ही वर जाऊन या, चर्च गार असतं.

येताना पण तोच रस्ता, ८३ नं खाली, ट्रेननं विलफ्रांश. लोक तुम्हाला ८२ नंबर सांगतील, ती वरूनच थेट नीसला जाते आणि वाटेत कोल द विलफ्रांश नावाच्या स्टॉपला थांबते. ट्रेन बंद असेल तेव्हा ती कामाची आहे, पण त्या स्टॉपवरून बंदरापर्यंत सगळा उतार आणि पायऱ्या, मिसेसना नेमका तोच त्रास. तशी वेळ आलीच तर ८२ नं सरळ नीसपर्यंत जा आणि तिथून टॅक्सी करा, विलफ्रांश नीसपासून ६-७ किलोमीटर आहे फक्त.

३ ला परत आलात की मध्ये जो वेळ उरतो तो वाया जात नाही. किनाऱ्याच्या मागंच घरांच्या खालून गेलेली एक जुनी बंदिस्त गल्ली आहे, र्यू ऑब्स्क्युर, तेराव्या शतकातली, दिवसाढवळ्या आत दिवे लागलेले असतात. आणि बंदरालगत छोटं सेंट पीटरचं चॅपेल आहे, १९५७ मध्ये फ्रेंच कवी-चित्रकार झाँ कॉक्तोनं आतून रंगवलेलं. दोन्ही चालत पाच मिनिटांवर, टेंडरची रांग नजरेसमोर.

प्रश्न: आम्ही पण त्याच भागात जाणार आहोत, मुलं १५ आणि १७ वर्षांची, पन्हाळा-पावनखिंड चालून आलेली आहेत. एझला खालून चालत जायचा रस्ता आहे असं वाचलं. करावा का?
- नागाळा पार्क

उत्तर: पावनखिंड केलेल्या पोरांना काहीच अवघड नाही. एझ-सुर-मेर स्टेशनजवळूनच वाट सुरू होते, जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे १८८० च्या दशकात हिवाळ्यात नीसला राहायचा आणि ही वाट चढायचा, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. सव्वा ते दीड तास धरा, दगडगोट्यांची आणि उन्हाची वाट आहे, मध्ये पाणी मिळत नाही, माणशी एक मोठी बाटली पाहिजेच. पावसानंतर किंवा दरड पडली तर ती बंद ठेवतात, बोर्ड असेल तर ऐका आणि बस घ्या. माझ्या मते क्रूझच्या दिवशी चालत वर आणि बसनं खाली असं करू नका, उलटं करा: बसनं वर, गाव बघून घ्यायचं आणि चालत खाली. कारण उतरताना बसची वाट बघावी लागत नाही, तुमची वेळ तुमच्याच पायात राहते, तासाभरात स्टेशनवर. फक्त चपला-सँडल नको.

प्रश्न: बोट खरंच सोडून जाते का हो? आणि गेली तर व्हिसाचं काय?
- शाहूपुरी

उत्तर: जाते. क्रूझच्या स्वतःच्या टूरची बस अडकली तर थांबतात, स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाहीत. बंदराचं भाडं, पुढच्या बंदराची वेळ, हजारो माणसं, एका कुटुंबासाठी ते थांबवू शकत नाहीत. म्हणून तीन गोष्टी खिशात पाहिजेत. रोजच्या त्या कागदावर पोर्ट एजंटचा, म्हणजे बंदरावरच्या क्रूझच्या प्रतिनिधीचा, फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढा. पासपोर्ट बोटीवर ठेवायला सांगितला असेल तर त्याची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स बरोबर घ्या. आणि एक कार्ड ज्याच्यावर ट्रेनचं किंवा विमानाचं तिकीट काढता येईल एवढे पैसे आहेत. स्पेन, फ्रान्स, इटली तिन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, येतात, तेव्हा वैध शेंगेन व्हिसावर तुम्ही जमिनीवरून पुढच्या बंदराला जाऊ शकता. तुमची बोट मध्ये शेंगेनबाहेरच्या देशात जाणार असेल तर मात्र मल्टिपल एंट्री, म्हणजे बाहेर जाऊन परत आत येऊ देणारा व्हिसाच पाहिजे, ते पुण्या-मुंबईला अर्ज भरतानाच बघा, नंतर दुरुस्त होत नाही.

घड्याळाचं एक सांगायचं राहिलं. बोट ग्रीसकडून येत असेल तर ग्रीसची वेळ फ्रान्सपेक्षा एक तास पुढं असते, आणि मोबाईल किनाऱ्यावर आपोआप बदलतो पण बोटीची वेळ कॅप्टन ठरवतो. उतरताना गेटवरच्या माणसाला बोटीची वेळ विचारून मनगटी घड्याळ लावून घ्या.

प्रश्न: आमचा स्टॉप विलफ्रांश होता, आता क्रूझवाल्यांनी ईमेल पाठवून मोनॅको केलाय. एझ होईल का?
- ताराबाई पार्क

उत्तर: होईल, आणि मोनॅकोत बोट धक्क्याला लागली तर टेंडरची भानगड पण नाही. नीसच्या भागात मोठ्या जहाजांवर आता निर्बंध आलेत त्यामुळं असे बदल होत राहणार. मोनॅको वेगळा देश असला तरी ट्रेन तीच आणि वाटेत पासपोर्ट तपासणी नसते. एझ-सुर-मेरला उतरून ८३. मोनॅकोहून वरच्या रस्त्यानं थेट एझ व्हिलेजला जाणारी ६०२ नंबरची बस पण आहे पण तिच्या फेऱ्या मोजक्या असतात, रविवारी तर आधी टाइमटेबल बघितल्याशिवाय भरवसा ठेवू नका. जुन्या गाइडबुकात ११२ आणि १०० असे नंबर दिसतील, त्याच आता ६०२ आणि ६०७ झाल्यात. ६०७ खालच्या समुद्रकाठच्या रस्त्यानं जाते, वर गावात नाही.

आणि फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात, आधी जाहीर करून होतात. जायच्या आदल्या संध्याकाळी बोटीवरच्या वायफायवर तपासा. संप असेल आणि घरात वयस्कर माणूस असेल तर त्या दिवशी टूर घ्या किंवा टॅक्सी करा, पैशाचा विचार करू नका.

प्रश्न: आम्ही जैन आहोत, गुजरीत दुकान आहे. दिवसभर बाहेर काय खायचं?
- गुजरी

उत्तर: बगेट पाव चालेल, मैदा, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच असतं त्यात. क्रोसाँला वरून अंडं लावतात तेव्हा नको. नीसकडची खास गोष्ट म्हणजे सोका, हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या गोल तव्यावर भट्टीत भाजतात आणि तुकडे करून वरून मिरपूड मारून कागदात देतात, गरम असतानाच खायचा. तो तुम्हाला नक्की आवडेल. पिसालादिएर दिसायला कांद्याचा पिझ्झा असतो पण त्यात कांदा तर आहेच, मासळीही असते, आणि पाँ बान्या नावाच्या भरलेल्या गोल पावात ट्यूना आणि अंडं, दोन्ही लांब ठेवा. एझमध्ये हॉटेलं महाग आहेत आणि जैन काय ते समजावून सांगण्यात तुमचा अर्धा तास जाईल. त्यापेक्षा खाकरा, चिवडा घरूनच पॅकबंद न्या. बोटीवरची फळं आणि शिजवलेलं अन्न बहुतेक क्रूझवाले बाहेर नेऊ देत नाहीत, पॅकबंद खाऊला अडवत नाहीत. पाण्याच्या बाटल्या मात्र बोटीवरूनच भरून घ्या, वरच्या बागेत सावली कमी आहे.