डब्यातले ४३ रुपये

प्रश्न : मी २४ वर्षांची. जूनमध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत लागले. तिसरी-चौथीचा जोडवर्ग, मुले १९. मी फळ्याकडे वळले की मागे बाजार भरतो. दिवसभर एकमेकांच्या चहाड्या, त्यावरून मारामाऱ्या. प्रश्न विचारला की मात्र सगळे मुके. एक मुलगा तर सकाळीच दंडाच्या डब्यात दोन रुपये टाकतो आणि मग बिनधास्त बडबडतो. (वर्गात कोकणीत बोलले की एक रुपया, असा नियम केलाय. वहीत नोंद ठेवते. ४३ रुपये जमलेत, वर्ग सजवायला होतील.) माझा घसा बसलाय, परतताना बसमध्ये रडू येते. शाळेतल्या दुसऱ्या टीचर म्हणतात, एकदा चांगला चोप दे. वचक कसा बसवू? – फोंड्याहून एक टीचर

उत्तर : बाये, घसा, बस, चोप, सगळे तू ठळक लिहिलेस आणि डबा कंसात घातलास. मी तो कंस वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला.

आधी चोपाचे संपवते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलांना मारणेही बंद आहे आणि त्यांचा मानसिक छळही. त्या टीचरबरोबर डबा खा, सल्ला घेऊ नकोस.

आता तुझा तो दुसरा डबा. मुले चहाडखोर आहेत म्हणतेस. अगं, त्यांना चहाडीची नोकरी तूच दिलीस! ‘टीचर, हो कोंकणी उलयता!’ असे एक पोर ओरडते. ओरडते कशात? कोकणीत. मग दुसरे त्याच्याकडे बोट दाखवते, तिसरे दुसऱ्याकडे. तू फळ्यावर अपूर्णांक काढत असतेस आणि मागे तुझ्याच कायद्याची अंमलबजावणी चाललेली असते. त्याला तू बाजार म्हणतेस.

आणि मुकेपणा. पाव आणि अर्धा यांतला घोळ ज्या मुलीला सुटला नाही, ती काय म्हणणार? ‘टीचर, म्हाका कळूंक ना.’ आजी, आई, शेजारीपाजारी सगळ्यांशी ती याच भाषेत बोलते, तिला दुसरे वाक्य सुचणार कुठून? तुझ्या वर्गात या वाक्याचा दर एक रुपया आहे. गप्प बसणे फुकट. नऊ वर्षांच्या मुलीलाही एवढा हिशेब जमतो, अपूर्णांक जमले नाहीत तरी.

आगाऊ दोन रुपये भरणारा तो मुलगा मात्र मला भारी आवडला. तू त्याला उद्धट समजत असशील. मला तर तुझ्या वर्गात तुझा नियम बरोबर ओळखलेला तो एकटाच दिसतो : ही शिस्त नाही, तिकीट आहे. तिकीट काढले की बसायला मोकळे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत असा प्रयोग झाला होता. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. लोकांना वाटले, पैसे भरतोय ना, मग झाले. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. म्हणून नुसता डबा उचलून कपाटात ठेवलास तर काही होणार नाही, हे आत्ताच सांगते.

तू हे मराठीच्या प्रेमापोटी केलेस, ते कळते गं. मी स्वतः गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात निघालेल्या एका मराठी शाळेत शिकले, आणि आजवर लिहिले ते मराठीतच. पण आमचे मास्तर पाढे मराठीत घ्यायचे आणि रागवायचे कोकणीत. ते रागावणे आम्हाला लागायचे, कारण ते घरातल्यासारखे असायचे. जत्रेच्या नाटकाची तालीम कधी ऐकली आहेस? राजा मराठीत गर्जना करतो, वाक्य विसरला की ‘फुडें कितें रे?’ असे कोकणीत विचारतो आणि पुन्हा मराठीत तलवार उपसतो. त्या नाटकवाल्यांपैकी कोणाचे मराठी कोकणीने बिघडलेले मी पाहिलेले नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले होते, तीन वर्षांत कोकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. लोकांनी काय केले ते आपल्यासमोर आहे. त्याच्या हाताशी अख्खे सरकार होते, तुझ्या हाताशी एक डबा आहे.

तेव्हा सोमवारी पहिल्या तासाला वही उघड आणि पैसे परत कर. मुख्याध्यापकांमार्फत नको, पालकांकडे चिठ्ठी नको. एकेकाचे नाव घेऊन, ज्याचे जितके त्याच्या हातावर ठेव. आणि त्याआधी वर्गासमोर उभी राहून कोकणीत सांग : ‘म्हजें चुकलें. आयच्यान दंड ना.’ तुझ्या तोंडून कोकणी ऐकून मुले हसतील. हसू दे. तू फोंड्याची, घरी तूही हीच बोलत असणार, मग शाळेच्या पायरीवर ती चपलांबरोबर काढून का ठेवतेस? वहीत लिहायचे ते मराठीत, फळ्यावर मराठीत, कविता मराठीत. समजले नाही हे सांगायला मात्र ज्याला जी येते ती.

सोमवारी वर्ग शांत होणार नाही. उलट आधी जास्तच गलका होईल, दोन महिन्यांचे साचलेले बाहेर येईल. त्या दिवशी घसा ताणू नकोस. खुर्ची फळ्याजवळून उचल, मुलांच्या मधे ठेव आणि काय बोलतात ते ऐक.

सुटे पैसे शनिवारीच मोजून ठेव. आणि त्या आगाऊवाल्याचे पैसे सगळ्यांत आधी दे. मंगळवारी सकाळी तो डबा शोधत येईल, तेव्हा काय म्हणतो ते मला जरूर कळव.