क्रेडिट म्हणजे जमा की उधारी?

प्रश्न : वाशीच्या दलालाने आंब्याच्या पट्टीचे पैसे पाठवले की पासबुकात 'सीआर' येते. क्रेडिट कार्ड मात्र उधारीचे. एकाच शब्दाचे हे दोन उलटे अर्थ कसे? – एक बागायतदार, देवगड

उत्तर : मूळ अर्थ विश्वास. लॅटिन 'क्रेदेरे' म्हणजे विश्वास ठेवणे. 'क्रेदितुम' म्हणजे विश्वासावर दिलेले, अर्थात कर्ज. इटालियन-फ्रेंच वाटेने हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. आपली 'श्रद्धा' त्याच कुळातली, तेव्हा पतसंस्थेतली 'पत' अगदी चपखल. सिनेमातल्या श्रेयनामावलीलाही क्रेडिट्सच म्हणतात.

आता पासबुक. ती बँकेच्या वहीतल्या तुमच्या खात्याची नक्कल असते, तुमची वही नव्हे. तुम्ही ४०,००० रुपये ठेवलेत म्हणजे बँक तुमचे देणे लागते. तुम्ही धनको, क्रेडिटर. 'सीआर' त्यातूनच आले. 'डेबिट'मध्ये 'आर' नसताना 'डीआर' का, तर ते 'डेटर'चे, म्हणजे ऋणकोचे रूप.

म्हणून बचत खात्यावर '४०,००० सीआर' असेल तर पैसे तुमचे. पीककर्जाच्या खात्यावर '४०,००० डीआर' असेल तर तेवढे फेडायचे. किसान क्रेडिट कार्डाचे खाते कर्जाचेच. मोबाइलवर दिसणारी 'उपलब्ध रक्कम' म्हणजे मंजूर मर्यादेतली न उचललेली रक्कम. तिला शिल्लक समजून खर्च केला की व्याज सुरू.

तुमच्या किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, हेच उलटे येते : बँकेत भरलेली रक्कम बँकेच्या खात्याला 'नावे', म्हणजे डेबिट बाजूला, पडते. ताळा करताना 'सीआर'समोर जमा शोधू नका, नावे शोधा. तरी फरक उरला, तर पासबुकाच्या शिल्लकेतून अजून न वटलेले तुमचे चेक वजा करा, भरलेले पण न चढलेले मिळवा. एवढे करूनही जुळत नसेल, तर बहुधा बँकेने परस्पर कापलेले शुल्क लिहायचे राहिलेले असते.

प्रश्न : परत केलेल्या खताच्या गोण्यांचे पैसे न देता दुकानदाराने 'क्रेडिट नोट' दिली. ती चालते का? – गुहागर

उत्तर : चालते, पण त्याच दुकानात. तेवढे पैसे तो तुम्हाला देणे लागतो, एवढाच तिचा अर्थ. तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक, तारीख, गोण्यांची संख्या आणि जीएसटीसह रक्कम आहे ना, ते पाहा. पुढच्या बिलातून ती वजा करून घ्या. तिथे पुन्हा खरेदी करायची नसेल, तर नोट घेण्याआधीच रोख मागा.