ट्रेलर दाखवला, सगळे ‘छान’ म्हणाले. आता पुढे?

विद्यार्थ्यांच्या चित्रपटांबद्दल येणाऱ्या प्रश्नांत सध्या एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो आहे : प्रतिक्रिया भरपूर गोळा होतात, पण ट्रेलर होता तिथेच राहतो. त्यांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : ट्रेलर किती जणांना दाखवावा? पन्नास जण तरी हवेत ना?

नकोत. एका कटला, म्हणजे संपादनाच्या एका आवृत्तीला, सहा ते आठ अनोळखी माणसं पुष्कळ झाली. युनिटमधलं कुणी नको, आणि पटकथा वाचलेलं तर अजिबात नको.

प्रश्न : आम्ही फॉर्ममध्ये ‘ट्रेलर कसा वाटला? १ ते ५ गुण द्या’ असं विचारलं. सरासरी ४.६ आली. तरी आमचे मार्गदर्शक म्हणतात, काही कळत नाही. खरं कुणाचं?

मार्गदर्शकांचं. ४.६ हे गुण ट्रेलरला नाहीत, तुमच्या ओळखीला आहेत. ‘कसा वाटला’ या प्रश्नाला भिडस्त माणूस दुसरं काय उत्तर देणार? ‘संगीतामुळे थरार वाढला का?’ असले प्रश्न तर त्याहून वाईट, कारण उत्तर तुम्हीच त्याच्या तोंडात घालता.

दाखवण्याची रीत आधी सुधारा. प्रस्तावना करू नका, कथा सांगू नका, ‘अजून मिक्सिंग (आवाजांची जुळवणी) बाकी आहे’ अशी माफीही मागू नका. ट्रेलर एकदाच दाखवा आणि त्या वेळी पडद्याकडे न बघता प्रेक्षकाकडे बघा. कोणत्या सेकंदाला त्याची नजर हलली ते टिपून ठेवा. ट्रेलर संपल्यावर आपसांत बोलण्याआधी प्रत्येकाकडून लिहून घ्या, नाहीतर पहिला जे बोलेल त्यालाच बाकीचे मान डोलावतील. पाच प्रश्न पुरतात. गोष्ट कुणाची आहे आणि त्याची अडचण काय? चित्रपट कोणत्या प्रकारचा वाटतो? कोणता शॉट आठवतो? कुठे गोंधळ झाला किंवा कंटाळा आला? पुढे काय होईल असं वाटतं? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांनी तुमचा शेवट अचूक लिहिला, तर ट्रेलरने सगळं सांगून टाकलं आहे.

मधेच ‘अगं, ती त्याची बहीण आहे’ असं सांगितलंत की तो प्रेक्षक संपला. त्याचं पुढचं एकही मत कामाचं नाही.

आता नोंद. टाइमकोड (ट्रेलरमधली नेमकी वेळ), प्रेक्षकाचे शब्द जसेच्या तसे, कितीपैकी किती जणांनी म्हटलं, संभाव्य कारण, केलेला बदल, अशा पाच रकान्यांचा तक्ता करा. समजा सातपैकी पाच जणांनी लिहिलं, ‘०:३८ ला मुलगा का पळतो ते कळलं नाही.’ त्यातले दोघे सुचवतात, ‘तिथे एक डायलॉग टाका.’ टाकू नका. प्रेक्षकाची तक्रार खरी असते, त्याने सुचवलेलं औषध क्वचितच. तक्रार जिथे येते, त्याच्या थोडं अलीकडे चूक शोधा. ०:३१ ला चिठ्ठीचा शॉट आहे आणि तो १४ फ्रेमचा आहे, म्हणजे २४ फ्रेमच्या गतीला जेमतेम अर्धा सेकंद. तुम्हाला चिठ्ठीतला मजकूर पाठ आहे, म्हणून तो वाचता येतो. शॉट ३६ फ्रेमचा, म्हणजे दीड सेकंदाचा करा आणि नव्या माणसांना दाखवा. डायलॉगची गरज उरणार नाही.

‘लांब वाटतो’ ही तक्रारही अशीच फसवी. विद्यार्थी लगेच प्रत्येक शॉटमधून चार-चार फ्रेम छाटतात. ट्रेलर आखूड होतो, कंटाळा तसाच राहतो. बहुधा तीन शॉट एकच गोष्ट सांगत असतात, त्यातले दोन काढायचे असतात. कोणते, हे एडिटरबरोबर बसून ठरवा. एकट्याने आवडता शॉट काढवत नाही.

प्रश्न : टायटल कार्ड (पडद्यावरची अक्षरांची पाटी) किती वेळ ठेवावं?

मनात दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ. वाचणारा मात्र तुम्ही नको.

प्रश्न : डायलॉग ऐकू येत नाही असं चार जण म्हणाले. आमच्या हेडफोनवर तर स्वच्छ ऐकू येतो.

ते फोनच्या स्पीकरवर ऐकतात, आणि ते वाक्य तुम्ही दोनशे वेळा ऐकलेलं असतं. डायलॉगखालचं संगीत ६ ते ९ डेसिबलने उतरवा आणि उतरण वाक्याच्या किंचित आधी सुरू करा. संगीतातला १ ते ४ किलोहर्ट्‌झचा पट्टा थोडा दाबा, व्यंजनं तिथेच अडकतात. सगळं मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐकून बघा. फेजची गडबड असेल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ध्वनिलहरी एकमेकींना मारत असतील, तर स्टिरिओमध्ये ऐकू येणारा आवाज मोनोत विरतो. मग नव्या प्रेक्षकाला ऐकलेलं वाक्य लिहायला सांगा. ‘ऐकू आलं का?’ असं विचारलंत तर ‘हो’ म्हणेल. एकूण आवाज चढवून काही साधत नाही, यूट्यूब मोठा आवाज आपणहून खाली आणतं. मूळ रेकॉर्डिंगच खरखरीत असेल तर नॉइज रिडक्शन घासत बसू नका, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. साउंडच्या माणसाला दाखवा. कदाचित डबिंगच करावं लागेल.

प्रश्न : ‘दहा हजार व्ह्यूज आणि दोनशे खऱ्या कमेंट’ असं पॅकेज मिळतं आहे. घ्यावं का?

नाही. विकतचे व्ह्यूज यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत, आणि ट्रेलर न बघता ‘अप्रतिम’ लिहिणाऱ्याकडून तुम्ही शिकणार काय?

प्रश्न : ट्रेलर यूट्यूबवर अपलोड केला. प्रेक्षक कुठपर्यंत टिकले ते दाखवणाऱ्या आलेखात २० व्या सेकंदाला घसरण दिसते. तो भाग काढू का?

आलेख ‘कुठे’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. पन्नास-साठ व्ह्यूजवर तर काहीच सांगत नाही. चढ दिसला तरी हुरळू नका. लोकांनी तो भाग पुन्हा पाहिला, पण आवडला म्हणून की कळला नाही म्हणून? समोर बसवून विचारल्याशिवाय समजणार नाही. आणि चाचणीचा कट सगळ्यांसाठी खुला कशाला केलात? यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. चाचणीसाठी ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल.

प्रश्न : सगळ्यांना ट्रेलरमधलं गाणं फार आवडलं. गाणं प्रसिद्ध आहे, पण ३० सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर परवानगी लागत नाही असं ऐकलं.

चुकीचं ऐकलंत. सेकंदांची अशी कोणतीही सरसकट सूट नाही. गाण्याची रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण, दोन्हींची परवानगी लागते, आणि ती बहुधा वेगवेगळ्या लोकांकडून घ्यावी लागते. शिक्षणासाठी काही सवलत आहे का, हे संस्थेला आणि कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला विचारा. मित्राला विचारू नका. शिवाय लोकांना गाणं आवडलं, ट्रेलर नव्हे. गाणं काढून तोच कट नव्या गटाला दाखवा. खरी प्रतिक्रिया तेव्हा मिळेल.

प्रश्न : एक म्हणतो वेग वाढवा, दुसरी म्हणते संथ ठेवा. मधला मार्ग काढू?

मधला मार्ग दोघांनाही आवडत नाही. आधी बघा, या दोघांपैकी तुमच्या चित्रपटाचा प्रेक्षक कोण? तरी ठरेना, तर फक्त वेग बदललेल्या दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या गटांना दाखवा. एकाच माणसाला दोन्ही दाखवल्या तर दुसरी त्याला सोपीच वाटणार. निर्णय अखेर दिग्दर्शक आणि एडिटरचा.

प्रश्न : चार दिवसांत ट्रेलर जमा करायचा आहे. ग्रेडिंग (रंगांची जुळवणी), मिक्सिंग सगळं झालं. आता प्रतिक्रिया घ्यायच्या आहेत.

आता? रफ कटवरच, म्हणजे संपादन कच्चं असतानाच, दाखवायला हवा होता. पिक्चर लॉकनंतर (दृश्यांचं संपादन पक्कं झाल्यावर) एक शॉट हलला की त्यापुढचं मिक्सिंग सरकतं, आणि नवा शॉट आला तर त्याचं ग्रेडिंग पुन्हा. असो. आजच पाच जणांना दाखवा आणि तीनच गोष्टी बघा : डायलॉग ऐकू येतात का, अक्षरं वाचता येतात का, आणि तिघांनी एकाच जागी गोंधळ सांगितला आहे का. रचना उलटीपालटी करू नका. प्रोजेक्टची प्रत काढून त्यातच बदल करा, कोणते बदल झेपतील ते उद्या मार्गदर्शकांना विचारा, आणि एक्सपोर्ट झालेली फाइल जमा करण्याआधी पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत फोनवर बघा.